सांडपाण्याच्या टाकीतील गाळ : भोंगा केव्हा वाजावा?



मागील वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उभे राहून विचारले, "ई.टी.पी.वर आवाजानं गाळ मोजणारं यंत्र बसवलं म्हणता. त्यानं उसाला टनामागं किती भाव वाढणार?" सभेत हशा पिकला आणि विषय पुढे सरकला. प्रश्न मात्र रास्त होता, आणि त्याचे उत्तर तेव्हाच द्यायला हवे होते. उत्तर असे की भाव एका पैशानेही वाढणार नाही. पण हे यंत्र चुकीचे लावले गेले तर ऐन हंगामात गव्हाण बंद पडू शकते, आणि नाल्याकाठच्या विहिरींचे पाणी नासू शकते. यंत्र आणणे सोपे असते. त्यातले रिले आणि भोंगा कोणत्या आकड्यावर लावायचे हे ठरवणे हेच खरे काम. ते कसे ठरवतात, हे सभासदांना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. उसात शंभर किलोमागे सुमारे सत्तर किलो पाणीच असते, त्यामुळे साखर कारखान्याला पाण्याची टंचाई नसते, उलट वापरलेल्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न असतो. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये साखर कारखान्यांसाठी जी मानके जाहीर केली, त्यांनुसार गाळप झालेल्या एका टन उसामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडता येत नाही. दिवसाला २५०० टन गाळप धरले तर हे झाले पाच लाख लिटर. ते पाणी जमिनीवर सोडायचे असेल तर त्यातील तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवेत, आणि नदी-नाल्यात सोडायचे असेल तर ३० च्या आत. बी.ओ.डी.साठीही हेच दोन आकडे आहेत.

बी.ओ.डी. म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जंतूंना जेवढा प्राणवायू लागतो त्याचे माप. आपल्या सांडपाण्यात घाण म्हणजे मुख्यत: साखरच असते. कुठे पंपाच्या ग्लँडमधून रस ठिबकतो, कुठे पॅन उतू जाते, कुठे मळीची गळती होते. एक किलो साखर पाण्यात पूर्ण कुजायला सुमारे १.१२ किलो प्राणवायू खाते. आपल्याकडच्या हवामानात विहिरीच्या एका लिटर पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक किलो साखर १ लाख ४० हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते. वीस फूट व्यासाच्या विहिरीत सोळा फूट पाणी असेल, तर ते एवढे भरते. एक किलो साखर आणि एक अख्खी विहीर! (ती साखरही आपल्याच उसातली, हे वेगळे सांगायला नको.)

आपला भाग कोरडा. पैठण, गंगापूर, वैजापूरकडच्या माणसाला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अजून घरोघर सांगितल्या जातात. १९७६ साली जायकवाडीच्या नाथसागराचे उद्घाटन झाले. आज छत्रपती संभाजीनगर शहर पिते ते पाणी तिथलेच. शहराचे सांडपाणी खाम नदीतून जाते तेही गोदावरीकडेच. म्हणून कांचनवाडीला महानगरपालिकेचा मोठा शुद्धीकरण प्रकल्प आहे. तो शहराचा आणि आपला कारखान्याचा, एवढाच फरक. पाणी आणि गाळ एकमेकांपासून वेगळे करणे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आता टाकीकडे वळू. सांडपाणी आधी तेल-ग्रीस काढण्याच्या हौदातून, मग इक्वलायझेशन टाकीतून एरेशन टाकीत येते. तिथे हवा देऊन जंतू वाढवतात. जंतू साखर खातात आणि त्यांचाच तपकिरी गाळ होतो. हे मिश्रण पुढे गोल क्लॅरिफायरमध्ये येते. तिथे पाणी शांत होते, गाळ खाली बसतो, आणि वरचे नितळ पाणी कडेच्या दातेरी पट्टीवरून बाहेर पडते. सभासदांनी बॉयलिंग हाऊसमध्ये रस निवळणारा 'डॉर' पाहिला असेल, तत्त्व तेच. मात्र तिथला रस जवळजवळ उकळता असतो आणि त्याचे तंत्र निराळे आहे. हा लेख थंड सांडपाण्याच्या टाकीपुरताच आहे.

तळाचा बहुतेक गाळ पंपाने सतत एरेशन टाकीकडे परत पाठवतात. जास्तीचा गाळ दुसऱ्या पंपाने वाळवण-वाफ्यांवर सोडतात. हे काम नीट चालले तर टाकीच्या तळाशी दोन-तीन फूट गाळाची दुलई राहते आणि वर आठ-नऊ फूट स्वच्छ पाणी. बिघडले तर ती दुलई वर चढू लागते आणि एकदा पट्टीपर्यंत पोहोचली की गाळ पाण्याबरोबर बाहेर पडतो. या गाळात लिटरला सहा ग्रॅम घन पदार्थ धरले, तर एक लिटर गाळ साठ लिटर स्वच्छ पाण्याला मानकाच्या कडेवर नेऊन ठेवतो. म्हणून दुलई कुठवर आली आहे हे चोवीस तास कळले पाहिजे. पूर्वी हे काम ऑपरेटर काठीने किंवा पारदर्शक नळीने करीत असे. दिवसा करीत असे, रात्री करीत असेच असे नाही.

नवे यंत्र हे काम आवाजाने करते. आड किती खोल आहे हे पाहायला आपण खडा टाकून 'डुबुक' ऐकतो, त्याच जातीचा हा प्रकार. पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन-चार इंच एक डबीसारखा भाग बुडवलेला असतो. त्यातून श्राव्यातीत, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतात. गाळाच्या दुलईवर आपटून त्याचा प्रतिध्वनी परत येतो. पाण्यात ध्वनीचा वेग वीस अंश तापमानाला सेकंदाला सुमारे १४८२ मीटर आहे. जाऊन येण्याचा वेळ मोजला की अंतर निघते. तापमान पस्तीस अंश झाले तर वेग १५२० च्या आसपास जातो, म्हणून पाण्याचे तापमानही यंत्राला कळावे लागते; नाहीतर तीन मीटरमध्ये सात-आठ सेंटिमीटरची चूक होते. त्याहून मोठा शत्रू म्हणजे हवेचे बुडबुडे. पाण्यातला ध्वनी बुडबुड्यांतून पार होत नाही. आपल्याकडे फेस फार. म्हणून डबी एरेशनचे पाणी जिथून आत येते त्या मधल्या भागापासून आणि भिंतीपासूनही दूर लावावी लागते, आणि तिच्या तोंडावरची बुळबुळीत साय पुसावी लागते.

यंत्राची पहिली गफलत इथेच होते. विहिरीचे पाणी आपण वरून सांगतो : "तीस फुटांवर पाणी लागलं." घरच्या टाकीचे पाणी मात्र खालून सांगतो : "चार फूट पाणी आहे." हे यंत्र दोन्ही तऱ्हांनी आकडा दाखवू शकते. वरून मोजायला लावले तर गाळ चढला की आकडा कमी होतो. तळापासून मोजायला लावले तर वाढतो. एकाने वरून मोजायची तऱ्हा निवडली आणि दुसऱ्याने भोंगा 'दीड मीटरच्या वर' असा लावला, तर टाकी अगदी ठीक असताना भोंगा वाजत राहील आणि गाळ पट्टीला आला की गप्प होईल. आपण तळापासूनची तऱ्हा घेतली आहे आणि तसे पॅनेलवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवले आहे.

आता रिले. नाव ऐकून बिचकू नये. आपल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये हेच असते. कॉइलला करंट मिळाला की ती पट्टी ओढून धरते, करंट गेला की पट्टी सुटते. यंत्रात असे चार-पाच छोटे रिले असतात, आणि कोणता कोणत्या पातळीला ओढायचा व सोडायचा हे आपण सांगायचे.

पाणी ते तळ साडेतीन मीटर अशी टाकी धरून चालू. पहिला रिले वाफ्यांकडे गाळ सोडणाऱ्या पंपाला. दुलई ०.९ मीटरला आली की पंप चालू, ०.६ ला उतरली की बंद. काही जण विचारतात की ०.९ लाच चालू आणि ०.९ लाच बंद असे का नाही? संध्याकाळी व्होल्टेज वर-खाली होताना शेतातला स्टार्टर कसा टकटक करतो आठवा. गाळाची दुलई म्हणजे काही फरशी नव्हे, ती हलत असते. एकच आकडा दिला तर पंप तासात पन्नास वेळा चालू-बंद होईल आणि कॉन्टॅक्टर तरी जळेल नाहीतर मोटार तरी. म्हणून दोन आकड्यांमध्ये अंतर हवे. शिवाय पंपाला वेळेची मर्यादा घातली आहे. वीस मिनिटे चालूनही दुलई उतरली नाही तर पंपाने थांबायचे. कारण फार जोराने ओढले की गाळात भोक पडते आणि पंप त्या भोकातून नुसते पाणी ओढत बसतो. वाफे पाण्याने भरतात, गाळ जागेवरच राहतो.

दुसरा रिले भोंग्याचा. तो १.५ मीटरला लावला आहे, आणि १.२ ला उतरल्यावर बंद होतो. पण पाच मिनिटांच्या उशिराने. हा उशीर का? टाकीत गाळ मध्याकडे लोटणारा खोरणीचा हात सावकाश फिरतो. सुमारे सात मीटर व्यासाच्या टाकीत त्याचे टोक मिनिटाला दोन मीटर गेले, तर अकरा मिनिटांत एक फेरा. दर फेऱ्याला तो डबीखालून जातो, गाळ ढवळतो, आणि यंत्राला क्षणभर खोटाच प्रतिध्वनी येतो. उशीर ठेवला नाही तर भोंगा दर अकरा मिनिटांनी बोंबलेल. आणि उगाच वाजणाऱ्या भोंग्याचे काय होते? रात्रपाळीचा ऑपरेटर त्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबतो. मी हे पाहिले आहे, आणि त्या ऑपरेटरला मी फारसा दोष देणार नाही. दोष आकडा लावणाऱ्याचा. दुसरीकडे उशीर फार ठेवूनही चालत नाही. गाळ फुगलेला असेल आणि परतीचा पंप बंद पडला असेल, तर आपल्या उदाहरणातल्या टाकीत दुलई तासाला फूट-सव्वा फूट चढू शकते. दीड मीटरपासून पट्टीपर्यंत पाच तास मिळतात. पाच मिनिटे गेली तर बिघडत नाही, तास गेला तर बिघडते.

फुगलेला गाळ ही निराळीच डोकेदुखी. रसाची मोठी गळती झाली की एरेशन टाकीत तंतूसारखे जंतू माजतात, गाळ कापसासारखा हलका होतो आणि खाली बसत नाही. अशा वेळी दुलई वर चढते ती गाळ जास्त झाला म्हणून नव्हे. यंत्राला हा फरक कळत नाही. ते पंप चालू करील, आणि पंप कामाचे जंतूच वाफ्यावर फेकून देईल. फरक कळतो तो लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात मिश्रण अर्धा तास ठेवून गाळ कुठवर बसला हे पाहणाऱ्या माणसाला. म्हणून माझे मत असे की पंपाच्या रिलेपेक्षा भोंग्याचा रिले महत्त्वाचा. पंप हाताने चालवता येईल. माणूस टाकीवर यायला मात्र भोंगाच हवा.

तिसरा रिले २.२ मीटरला. तो इक्वलायझेशन टाकीतून येणारा पंपच बंद करतो, म्हणजे नवे पाणी येणे थांबते आणि परतीचा पंप दुलई खाली ओढू शकतो. पण पाच लाख लिटर दिवसाला म्हणजे तासाला एकवीस हजार लिटर पाणी मागे साठू लागते. वरच्या टाकीत लाखभर लिटरची जागा रिकामी असेल तर पाच तासांहून कमी सवड. हा रिले पडला की चीफ केमिस्ट आणि चीफ इंजिनिअर या दोघांनाही उठवायचे, असा नियम केला आहे.

आता ज्यासाठी एवढा प्रपंच केला ती गोष्ट. मी पूर्वी ज्या कारखान्यात नोकरीला होतो तिथे असेच यंत्र होते. आकडे बरोबर होते, उशीर बरोबर होता. भोंगा मात्र असा जोडला होता की गाळ चढला की कॉइलला करंट मिळेल, पट्टी ओढली जाईल आणि भोंगा वाजेल. वाचताना यात काही चूक दिसत नाही. मलाही दिसली नव्हती. एका रात्री विजेचा झटका आला आणि यंत्राचा छोटा एम.सी.बी. पडला. तेवढ्याच झटक्याने परतीचा पंपही ट्रिप झाला. यंत्र मेले. मेलेल्या यंत्राची कॉइल कोण ओढणार? भोंगा गप्प. ऑपरेटर केबिनमध्ये होता. भोंगा वाजत नाही म्हणजे सगळे ठीक, असे त्याला आम्हीच शिकवले होते. पहाटे उजाडले तेव्हा पट्टीवरून तपकिरी पाणी वाहत होते. साठवण तलाव गढूळ झाला, तिथून नाल्यात उतरले. नाल्याकाठी दोन सभासदांच्या विहिरी होत्या. त्यातले एक गृहस्थ बादलीभर पाणी घेऊन ऑफिसात आले आणि ती बादली माझ्या टेबलावर ठेवून, एक शब्द न बोलता निघून गेले. कुणी शिव्या दिल्या असत्या तरी बरे वाटले असते.

उपाय साधा आणि बिनपैशाचा होता. जोडणी उलटी करायची. सगळे ठीक असताना कॉइलला करंट असू द्यायचा, पट्टी ओढलेली असू द्यायची. आणि गाळ चढला की करंट सोडायचा. पट्टी सुटली की भोंगा वाजेल. मग गाळ चढो, वीज जावो, वायर उंदराने कुरतडो किंवा यंत्र जळो, पट्टी सुटणार आणि भोंगा वाजणारच. भोंग्याला मात्र बॅटरी वेगळी हवी. शेतातल्या स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल हेच करते. वीज गेली की ती मोटार सोडून देते, वीज परत आल्यावर मोटार आपोआप धडकन चालू होत नाही. ज्याने हा स्टार्टर वापरला आहे त्याला ही जोडणी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे भोंग्याचे रिले असेच लावले आहेत.

चौथा रिले यंत्राच्या स्वत:च्या आजारपणाचा. फेसामुळे किंवा डबीवर साय आल्यामुळे प्रतिध्वनीच मिळेनासा झाला, तर यंत्राने काय करावे हे आपल्याला आधी सांगून ठेवावे लागते. 'शेवटचा आकडा दाखवत राहा' हा पर्याय अनेकांना सोयीचा वाटतो. मला तो सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तासाभरापूर्वीचा चांगला आकडा पडद्यावर दिसत राहतो आणि खाली काय चालले आहे ते कुणालाच कळत नाही. आपण तीन मिनिटे वाट पाहून भोंगा वाजवायचा आणि वाफ्यांचा पंप थांबवायचा असे ठरवले. वरच्या टाकीचा पंपही थांबवावा काय, यावर आमच्यात वाद झाला. इंजिनिअरिंगचे म्हणणे, प्रत्येक वेळी डबीवर साय आली म्हणून पाणी कोंडू लागलो तर मिल थांबेल. ते मला पटले. तो निर्णय माणसावर सोडला आहे.

कंट्रोल रूमकडे जाणाऱ्या तारेचेही तेच. टाकी रिकामी असेल तेव्हा ४ मिलीअँपियर आणि भरलेली असेल तेव्हा २० अशी ती लावलेली असते. शून्यापासून सुरुवात का नाही? तार तुटली तरी शून्यच दिसेल, आणि गाळ शून्य आहे असे समजून सगळे खूश राहतील, म्हणून.

कायद्याच्या बाजूने दोन शब्द. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. १९८८ च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली ज्या सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर चोवीस तास मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले, त्यांत साखर कारखाने आहेत. म्हणजे पट्टीवरून गाळ वाहिला तर तो मंडळाच्या पडद्यावरही दिसणार. फेब्रुवारीत गाळप थांबले तर तोडीला आलेला ऊस फडात उभा वाळतो आणि वजन घटते. ते नुकसान कुणाचे, हे शेतकी खात्याला विचारायला नको.

यंत्र बसवले म्हणून पारदर्शक नळी अडगळीत टाकलेली नाही. दर सोमवारी नळी टाकीत सोडून गाळ फुटपट्टीने मोजतात आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून वहीत लिहितात. पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर डबी पुसून पुन्हा मोजायचे. आकडे बदलायचे झाल्यास वहीत जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि सही हवी; हंगामाच्या सुरुवातीला गाळ कमी असतो, तेव्हा पंपाचे आकडे खाली आणावे लागतात, हेही त्याच वहीत सापडेल. वही कोणत्याही सभासदाला मागितल्यास दाखवू.

रोज सकाळी आठ वाजता ऑपरेटर यंत्राची वीज मुद्दाम बंद करतो आणि भोंगा अर्धा मिनिट वाजू देतो. ही चाचणी आहे, घाबरण्याचे कारण नाही. हंगाम चालू असताना एखाद्या सकाळी आठला हा भोंगा ऐकू आला नाही, तर नाल्याकडच्या वस्तीवरील सभासदांनी कृपया टाइम ऑफिसला येऊन तसे सांगावे.